समितीतली सामान्य व्यक्ती

मी गेले नाही तर बैठक होत नाही. नियमच तसा आहे. आमच्या जिल्ह्याच्या गावी एक मोठं रुग्णालय आहे. तिथे नव्या औषधांच्या चाचण्या होतात, इतरही संशोधन चालतं, आणि त्या सगळ्याला परवानगी देणारी एक नीतिशास्त्र समिती आहे. २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात जण लागतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक कायदा जाणणारा, निदान एक बाई, एक समाजशास्त्राचा किंवा स्वयंसेवी संस्थेतला किंवा धर्मशास्त्राचा जाणकार, काही डॉक्टर मंडळी, आणि एक सामान्य व्यक्ती. ही सामान्य व्यक्ती हजर नसेल तर गणपूर्ती होत नाही. मी सार्वजनिक वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल. समितीचे सदस्य सचिव आमच्या वाचनालयाचे जुने वर्गणीदार. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, आणि एका संध्याकाळी रुग्णालयाचा शिपाई दोन जाडजूड गठ्ठे घरी ठेवून गेला.

गठ्ठ्यात संशोधनाचा आराखडा होता, विम्याची कागदपत्रं होती, डॉक्टरांचे बायोडेटा होते, आणि सगळ्यात खाली मराठीतलं संमतीपत्रक. माझं काम त्या पत्रकाशी. रुग्णाच्या हातात पडेल ते हेच, तेव्हा रुग्ण वाचेल तसं तुम्ही वाचा, असं सचिवांनी सांगितलं होतं.

वैद्यकीय शब्द अडले, पण ते विचारता येत होते. खरी गोंधळून गेले ती दुसऱ्याच गोष्टीनं. पत्रक वाचताना डोळ्यांसमोर एक एकटा माणूस उभा राहत होता. तो एकटाच बसून वाचतो, धोके आणि फायदे तोलतो, शंका विचारतो, एकटाच ठरवतो आणि सही करतो. असा माणूस मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता. माझ्या आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं ते ओसरीवर. वडील, मामा, आत्या आणि गावातले डॉक्टर बोलले. आई आत पोळ्या लाटत होती; तिला तारीख कळवण्यात आली. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पैसा कुठून उभा करायचा, घर कोण सांभाळणार, रात्री दवाखान्यात कोण झोपणार, हे सगळं त्या माणसांनी अंगावर घेतलं होतं. आईला कुणी विचारलं असतं, तर तीही 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली असती, असं मला तेव्हा वाटायचं. आता तेवढ्या खात्रीनं म्हणवत नाही.

हा एकटा माणूस आला कुठून, हे मी अध्यक्ष मॅडमना विचारलं. त्या दुसऱ्या महाविद्यालयातून औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला १९४७ सालच्या न्यूरेंबर्गच्या निकालापाशी नेलं. छळछावण्यांतल्या कैद्यांवर नाझी डॉक्टरांनी प्रयोग केले होते. त्या खटल्याच्या निकालात माणसांवरील प्रयोगांसाठी दहा कलमं घालून दिली गेली, आणि त्यातलं पहिलंच कलम प्रयोगात येणाऱ्या माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचं. "तिथे माणसाचं मोल त्याच्या वंशावरून ठरवलं होतं, म्हणून आता एकेकाला वेगळं गाठून विचारायचं," मॅडम म्हणाल्या. हे ऐकल्यावर त्या एकट्या माणसाबद्दलचा माझा परकेपणा बराच कमी झाला. पण ओसरीवरच्या चौघांचं काय करायचं, ते काही सुटेना.

पहिल्या बैठकीत मधुमेहाच्या एका औषधाचा अभ्यास समोर होता. औषध कॅप्सूलमधून द्यायचं होतं. माझ्या सासूबाई माळकरी. कॅप्सूल त्या घ्यायच्या नाहीत, औषध गोळीत किंवा पातळ स्वरूपात नसेल तर डॉक्टरांशी भांडून बदलून आणायच्या. म्हणून मी विचारलं, ही कॅप्सूल कशाची आहे? अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. मग चर्चा निघाली. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, गाई-म्हशींपासूनही, डुकरांपासूनही. वनस्पतीपासून केलेल्या कॅप्सूलही मिळतात. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो, औषधाच्या पाकिटावर तशी खूण नसते. भूलतज्ज्ञ सभासदांनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं: रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अतिदक्षता विभागात रोज वापरलं जाणारं हेपारिन डुकराच्या आतड्यापासून मिळवतात.

एक डॉक्टर सभासद म्हणाले, "हे सगळं लिहीत बसलो तर लोक औषधच घेणार नाहीत." त्यांची काळजी खोटी नव्हती. समितीतले समाजशास्त्राचे प्राध्यापक मुसलमान आहेत, शांत बोलतात. ते म्हणाले, "जीव वाचवायला दुसरा उपाय नसेल तर निषिद्ध गोष्टीलाही मुभा आहे, असं आमच्याकडे बहुतेक उलेमा सांगतात. काही तर म्हणतात, जिलेटिन होताना मूळ पदार्थ इतका बदलतो की तो प्रश्नच उरत नाही. माझी बहीण घेईल. माझे वडील घेणार नाहीत. पण त्या दोघांच्या वतीनं तुम्ही इथे बसून कसं ठरवणार?" हेपारिनची वेळ बहुधा आणीबाणीची, तिथे लांबलचक चर्चेला जागा नसते. हा अभ्यास मात्र कित्येक महिने चालणार होता, आणि त्यात यायचं की नाही हे रुग्णाच्या मर्जीवर होतं. कंपनीकडे विचारणा झाली, उत्तर आलं, आणि कॅप्सूल गोवंशीय जिलेटिनची आहे हे एक वाक्य पत्रकात छापलं गेलं. हे जैनांसाठी, हे माळकऱ्यांसाठी असं काही त्यात म्हटलेलं नाही. ज्याला त्याचं महत्त्व आहे तो वाचेल.

इथून मला एक धागा सापडल्यासारखं झालं. केसपेपरावर धर्म लिहिलेला असतो, आडनावावरून आपण जातही ताडतो, आणि मग हा माणूस काय मानत असेल ते आपणच ठरवून मोकळे होतो. शल्यचिकित्सक सभासदांनी यहोवाच्या साक्षीदारांबद्दल सांगितलं. १९४५ पासून त्यांच्या पंथात रक्त चढवून घेणं निषिद्ध मानतात, आणि बरेच जण तसं लिहिलेलं कार्ड खिशात बाळगतात. इतका पक्का नियम! पण रक्तापासून वेगळ्या काढलेल्या काही घटकांच्या बाबतीत तो पंथही निर्णय ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडतो. म्हणजे तिथेही डॉक्टरला खाटेजवळ बसून त्या माणसाला विचारावंच लागतं: अल्ब्युमिन चालेल का, हे चालेल का, ते चालेल का.

समितीला संशोधन प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा अधिकार आहे, आणि कागदावरून मला काही उमगेना म्हणून मी ते मागून घेतलं. कर्करोग विभागातल्या एका औषधाच्या अभ्यासासाठी संमती कशी घेतात ते पाहायला अध्यक्ष मॅडमसोबत गेले. बाह्यरुग्ण विभागाच्या बाजूची छोटी खोली, फायलींचं कपाट, दोन खुर्च्या आणि एक स्टीलचं स्टूल. तालुक्याच्या गावाहून आलेल्या एक मावशी होत्या, साठीच्या आसपासच्या. सोबत मुलगा, सून आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी दिलेली लेक. स्तनात गाठ होती, तपासणीचा अहवाल आला होता. मुलानं डॉक्टरांना दाराबाहेरच गाठलं. "मॅडम, आईला गाठ आहे एवढंच सांगितलंय. त्या रोगाचं नाव काढू नका. ती खचेल. कुठे काय सही लागेल ती मी करतो."

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला होता, आणि आईची ढाल होऊन उभा होता. संमतीपत्रकाच्या दुसऱ्या ओळीत तर रोगाचं नाव छापलेलं.

या प्रश्नाला आपल्या न्यायालयानं उत्तर दिलेलं आहे, असं नंतर समितीतल्या वकीलसाहेबांनी सांगितलं. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, २००८. चव्वेचाळीस वर्षांची बाई तपासणीसाठी भुलीखाली होती. आत जे दिसलं त्यावरून गर्भाशय काढायचं डॉक्टरांनी ठरवलं आणि बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली. न्यायालय म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, मुलगी सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईचा होकार तिच्या होकाराच्या जागी चालत नाही. एवढं स्पष्ट. पण वकीलसाहेबांनीच दुसरा कागद पुढे केला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेआधीची लेखी संमती कुणाची घ्यायची ते सांगितलं आहे, आणि तिथला क्रम असा: पती किंवा पत्नी, अज्ञान असल्यास आई-वडील वा पालक, किंवा खुद्द रुग्ण. जिच्या शरीरावर शस्त्र चालायचं ती शेवटी. आमच्या ओसरीवरचा क्रम दिल्लीतल्या छापील नियमातही तसाच होता, हे पाहून मी बराच वेळ गप्प बसले.

तर त्या खोलीत डॉक्टर बाईंनी मुलाला बसवलं आणि मावशींकडे वळल्या. रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्या दुखण्याचं सगळं तुम्हाला सांगू, का थोडक्यात सांगू? काही लोक म्हणतात मला सगळं सांगा. काही म्हणतात घरच्यांना सांगा. तुमचं काय?"

मावशींनी पदर सारखा केला. मुलाकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "लेकीला सांगा. ती म्हणंल तसं करा."

खोलीत एकदम अवघडल्यासारखं झालं. मुलगा कमावता, औषधपाण्याचा खर्च तोच करत होता, आई राहायची त्याच्याकडे. लेक दिल्या घरची. रीतीप्रमाणे माहेरच्या निर्णयात तिचा शब्द शेवटचाही नसतो. आणि आईनं नाव घेतलं ते तिचं. कुटुंबाला विचारा म्हणून सगळे सांगतात, मीही तेच म्हणत आले होते. पण कुटुंबातल्या कुणाला, हे त्या बाईवाचून दुसरं कुणीही सांगू शकलं नसतं. सून खाली बघत होती. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो उठून गेला नाही, आणि या गोष्टीचं मला मनापासून कौतुक वाटलं.

डॉक्टर बाईंनी ते केसपेपरावर लिहून घेतलं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. "मावशी, नाव-गाव सगळं लेकीला सांगते. पण तुमच्या अंगावर काय करणार ते मात्र तुम्हाला ऐकावं लागेल," असं म्हणून ऑपरेशनमध्ये काय काढावं लागेल, हात किती दिवस वर होणार नाही, नंतरच्या औषधांनी केस जातील, हे सावकाश सांगितलं. मावशी ऐकत होत्या. केसांचं ऐकल्यावर एकदाच त्यांनी अंबाड्याला हात लावला.

संशोधनात मात्र त्यांना घेता आलं नाही. उपचाराच्या बाबतीत माणूस आपण होऊन म्हणू शकतो की मला फार सांगू नका, माझ्या लेकीशी बोला. त्या इच्छेचा मान राखता येतो. संशोधन वेगळं. त्यातून मिळणारं ज्ञान पुढच्या लोकांसाठी असतं, समोरच्या रुग्णाला फायदा होईलच असं नाही. तिथे शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं, मग ती पोटची लेक का असेना, पुढे होऊन चालत नाही. मला हे पटलं, पण सहज पटलं नाही. त्या अभ्यासातलं औषध चांगलं निघालं तर? अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे हे आधीच माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता. मावशींना नेहमीचे उपचार मिळाले, त्यात काही कमी पडलं नाही.

ऑपरेशनच्या संमतीसाठी वॉर्डमध्ये सिस्टरनी शाईचा पॅड पुढे सरकवला. मावशी म्हणाल्या, "मला सही येते." पेन धरलं आणि एकेक अक्षर कोरत गेल्या. आधी स्वतःचं नाव, मग वारलेल्या नवऱ्याचं, मग आडनाव. काना द्यायला विसरलेलं एक अक्षर परत जाऊन दुरुस्त केलं. शेवटी डोक्यावर रेघ ओढली, ती थेट कागदाच्या कडेपर्यंत गेली. मागे रांग खोळंबली होती, तरी सिस्टर थांबल्या.

मॅडमनी मला वाचायला एक जुना अभ्यास दिला होता. १९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला. लॉस एंजेलिस परिसरातल्या पासष्टीच्या पुढच्या ८०० लोकांना विचारलं होतं: शरीरभर पसरलेला कर्करोग असेल तर तो रुग्णाला सांगावा का? युरोपीय वंशाच्या लोकांपैकी ८७ टक्के आणि आफ्रिकी वंशाच्यांपैकी ८८ टक्के हो म्हणाले. मेक्सिकन घराण्यांतले ६५ टक्के. कोरियन घराण्यांतले ४७ टक्के. लेखाचा रोख असा की समाजासमाजांत फरक आहे, कुटुंबावर भिस्त ठेवणारी माणसं आहेत, त्यांच्यावर एकट्यानं ठरवण्याची सक्ती करू नका. ते खरंच आहे. माझं लक्ष मात्र त्या ४७ वरून हलेना. कोरियन म्हातारा समोर आला आणि 'यांच्यात सांगत नाहीत' म्हणून डॉक्टरनं परस्पर मुलाला बाहेर बोलावलं, तर जवळजवळ निम्म्या वेळा त्या म्हाताऱ्याच्या मनाविरुद्ध होईल. संस्कृतीचा आदर म्हणून आपण जे करतो ते असंही उलटू शकतं. मावशींच्या उत्तरानंतर हा आकडा मला फार जवळचा झाला.

त्याच वर्षी त्याच नियतकालिकात नवाहो आदिवासींवरचा एक लेख आला होता, तोही मी वाचला. त्यांची समजूत अशी की तोंडातून निघालेला शब्द घडून येतो. म्हणून रुग्णासमोर वाईट बोलायचं नाही. हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकत मी वाढले. दिवेलागणीला अभद्र बोललं तर आजी ओरडायची. आणि आमची संमतीपत्रकं काय करतात? उलटी, जुलाब, यकृतावर सूज, आणि शेवटी 'मृत्यू' असं एका ओळीत छापून त्याखाली सही मागतात. एका आजींनी ते वाचून दाखवताना कानांवर हात ठेवलेले मी पाहिले. धोका लपवावा असं मी म्हणत नाही. पण तो कसा सांगायचा यात पुष्कळ काही करता येतं. त्या डॉक्टर बाई 'तुम्हाला असं होईल' म्हणत नाहीत, 'हे औषध घेतलेल्यांपैकी काहींना असा त्रास झाला' म्हणतात. दुपारी, माणूस जेवलेला असताना सांगतात, आणि त्रास झाला तर काय करायचं ते त्याच दमात सांगतात. आजी मग ऐकतात.

नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल आणि सहभागी असुरक्षित गटातले असतील, तर संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज नोंदवतात, चेहरा नाही. अशी काही चित्रीकरणं समितीला दाखवली गेली. त्यात समन्वयक मुलगी भरभर बोलते, रुग्ण मान डोलावतो. "समजलं ना दादा?" "हो." "काही शंका?" "नाही." डॉक्टरसमोर शंका काढणं आपल्याकडे उद्धटपणा मानतात, आणि नाही म्हणणं त्याहून मोठा. म्हणून बायका म्हणतात, "घरी विचारून सांगते." गरोदरपणातल्या रक्तक्षयाच्या एका अभ्यासात ही उत्तरं 'निर्णय बाकी' अशी नोंदवली होती आणि त्या बायकांना पुन्हा पुन्हा फोन गेले होते. एक फोन तर सासूबाईंना. मी बैठकीत म्हटलं, यातल्या कितीतरी जणींनी नकारच दिलाय, फक्त समोरच्याचा मान राखून दिलाय. आणि ज्यांना खरंच घरी विचारायचंय त्यांना विचारू द्या. पत्रक घरी नेऊ द्या, एक रात्र जाऊ द्या, सकाळी फोन तुम्ही करू नका, तिला यावंसं वाटलं तर ती येईल. समितीनं हे मान्य केलं. समन्वयक मुलीनं 'समजलं ना' ऐवजी 'मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा' असं विचारायचं, हेही ठरलं.

गर्भनिरोधनाच्या पानाचं थोडक्यात सांगते. बहुतेक चाचण्यांच्या पत्रकांत ते असतं: गर्भधारणा चाचणी करू, अमुक साधनं वापरा. हे पान अविवाहित मुलीला तिच्या वडिलांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलेलं मी ऐकलं, आणि ती मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आता ते पान बाई कर्मचाऱ्यानं, एकटीला, आतल्या खोलीत सांगायचं आहे. तपासणीच्या तारखाही आम्ही पंचांगासमोर धरून पाहतो. आषाढात पंढरीच्या वाटेवर असणाऱ्याला दर आठवड्याला बोलावून उपयोग नाही, आणि रमजानमध्ये दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायची गोळी कशी घेणार, हे आधीच लिहिलेलं बरं.

सगळ्यात तंग बैठक झाली ती सिकलसेलच्या प्रस्तावावर. आश्रमशाळेतल्या मुलांचं रक्त तपासायचं होतं, हेतू चांगला होता, आणि संमती म्हणून मुख्याध्यापकांचं पत्र जोडलेलं होतं. वकीलसाहेबांनी खम्मम काढलं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस अभ्यास म्हणून दिली गेली. खम्मममधल्या अनेक मुली आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या, आणि त्यांच्या फॉर्मवर वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये ते थांबवावं लागलं, २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. आमच्या प्रस्तावातही आई-बाप कुठेच नव्हते. संशोधक म्हणाले, पाडे लांब आहेत, गावपाटलांशी बोललोय, ते हो म्हणालेत. पाटलांची आणि ग्रामसभेची परवानगी लागतेच. परस्पर पाड्यात शिरणं हाही अपमान आहे. पण ती परवानगी वेशीपर्यंतची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात, आणि सात वर्षांपुढच्या मुलालाही त्याची तयारी विचारायला सांगतात. शिवाय सिकलसेलचा आजार आई-बापांकडून मुलांत येतो. चिठ्ठीवर काय निघालं ते पाड्यात फुटलं तर मुलीचं लग्न अडतं. ज्या आईला हे भोगायचंय तिला न विचारता सुई टोचायची? प्रस्ताव परत गेला. संशोधकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, कारण त्या मुलांना तपासणीची खरंच गरज आहे. आता आई-बाप मुलांना सुट्टीत घरी न्यायला शाळेत येतात तेव्हा त्यांना भेटायचं, असा सुधारित आराखडा आला आहे.

मी समितीपुढे एक छोटी मागणी ठेवली होती. पत्रकाच्या पहिल्या पानावर, रोगाच्या नावाच्याही आधी, दोन प्रश्न छापावेत: तुमच्या आजाराबद्दल तुमच्याशी कुणासमोर बोलू, आणि ठरवताना कुणाला सोबत घ्यायचंय? काही अभ्यासांत ते आले. एका कंपनीनं हरकत घेतली, सगळ्या देशांत एकच नमुना वापरतो म्हणाली. अध्यक्ष मॅडमनी कळवलं की आमची मंजुरी या प्रश्नांसह आहे.

पुढच्या बैठकीच्या गठ्ठ्यात मनोविकार विभागाचा अभ्यास आहे, म्हणून मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ वाचत होते. त्याच्या चौदाव्या कलमात मला हवं ते लिहिलेलं सापडलं. कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी. नवरा, मुलगा, मैत्रीण, शेजारीण, ज्याच्यावर भरवसा असेल तो. हा साधा कागद फक्त मनोरुग्णांसाठी का? हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या रुग्णाच्या केसपेपराला तो का जोडू नये? मी विषय टिपून सचिवांकडे पाठवला.

शल्यचिकित्सक सभासदांचा लगेच फोन आला. "ताई, कागदावर लेकीचं नाव आहे, लेक सुरतेला, फोन लागत नाही. पेशंट बेशुद्ध, मुलगा खाटेपाशी उभा आहे, रात्रीचे दोन वाजलेत. मी कुणाचं ऐकू?" हरकत खरी आहे, आणि असा प्रसंग त्यांच्यावर येणार, माझ्यावर नाही. एकाऐवजी दोन नावं लिहून घ्यावीत, क्रमानं, असं सध्या मला सुचतं. विषयपत्रिकेत त्यांची हरकत माझ्या मागणीच्या आधी घ्या, असं मी सचिवांना कळवलं आहे.